एन्का : पुरुष गायकांची जपानी विरहगीते

जपानच्या लोकप्रिय संगीतातील एक विरहप्रधान गीतप्रकार. प्रेमभंग, ताटातूट, दुरावलेले गाव आणि मद्याच्या संगतीत काढलेली एकाकी रात्र हे त्याचे प्रमुख विषय होत. ही गीते स्त्रिया व पुरुष दोघेही गातात. तथापि पुरुष गायकांच्या परंपरेला सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे. पुरुषाने चारचौघांत अश्रू आवरावेत असा संकेत असलेल्या समाजात पुरुषाच्या दुःखाला प्रकट होण्यास जी थोडी ठिकाणे उरली, त्यांपैकी हे गीत एक होय. आणि तेथेही अनेकदा त्याला स्त्रीच्या भूमिकेचा आडोसा घ्यावा लागला. एन्का हा जपानी मनाचा पुरातन उद्‌गार आहे, असे वारंवार सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याचे आजचे रूप ध्वनिमुद्रिका, ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) आणि शहरांकडे झालेले स्थलांतर यांतून विसाव्या शतकात घडले. (या नोंदीत जपानी व कोरियन व्यक्तींची आडनावे तेथील प्रथेनुसार आधी दिली आहेत.)

‘एन्का’ या शब्दाचा मूळ अर्थ प्रेमाशी निगडित नाही. ‘एन्‌’ म्हणजे भाषण वा सादरीकरण आणि ‘का’ म्हणजे गीत. १८८० च्या सुमारास लोकहक्कांच्या चळवळीतील तरुण कार्यकर्ते सरकारविरोधी विचार पद्यात गुंफून रस्त्यांवर गात आणि त्या पद्यांची छापील पत्रके विकत. भाषणांवर निर्बंध होते. म्हणून भाषण गाऊन दाखविण्याची ही युक्ती. चळवळ ओसरल्यावर राजकीय आशय मागे पडला. व्हायोलिन वाजवीत रस्तोरस्ती गाणारे व्यावसायिक ‘एन्काशी’ उदयास आले आणि त्यांच्या गीतांत उपहास, ताज्या घटना व प्रेमकथा शिरल्या. सोएदा आझेम्बो (१८७२–१९४४) हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या धारदार उपरोधिक गीतांचे आणि पुढील काळातील अश्रुपूर्ण एन्काचे नाते नावापुरतेच आहे, असे म्हणावे लागते.

विरहगीतांचे सांगीतिक बीज अन्यत्र आढळते. १९१४ मध्ये टॉलस्टॉयच्या रिसरेक्शन या कादंबरीच्या नाट्यरूपात अभिनेत्री मात्सुइ सुमाको हिने गायिलेले ‘काचूशाचे गीत’ देशभर गाजले. त्याचा संगीतकार नाकायामा शिम्पेइ (१८८७–१९५२) याने पाश्चात्त्य स्वरसप्तकातील चौथा व सातवा स्वर वगळून चाली बांधल्या. या पंचस्वरी रचनेस ‘योनानुकी’ म्हणजे ‘चार-सात वर्ज्य’ असे म्हणतात. तिच्या शुद्ध स्वरांच्या प्रकारात भूप रागाचेच सा, रे, ग, प, ध हे स्वर येतात. दुसऱ्या, करुण प्रकारात गंधार व धैवत कोमल असतात. नाकायामाच्या ‘सेन्दो कोउता’ (नावाड्याचे गीत, १९२१) या रचनेने हा दुसरा प्रकार रूढ केला. १९२३ च्या कांतो भूकंपाच्या सुमारास ते गीत सर्वतोमुखी झाले होते. पुढील अर्धशतकातील बहुतेक विरहगीते याच पाच स्वरांवर उभी आहेत. अर्थात, हे पाच स्वर म्हणजे शुद्ध जपानी वारसा नव्हे. पाश्चात्त्य सप्तकाला स्थानिक कानाशी जुळवून घेण्याचा तो आधुनिक प्रयत्न होता.

१९२७–२८ मध्ये परदेशी भांडवलाच्या साहाय्याने व्हिक्टर, कोलंबिया, पोलिडोर या कंपन्या जपानमध्ये स्थिरावल्या आणि विद्युत्‌ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला. या तंत्राने गायनाचे स्वरूप पालटले. पूर्वी कर्ण्यासमोर जोराने गावे लागे; आता ध्वनिग्राहकाजवळ हलक्या आवाजात गायिलेली ओळही श्रोत्याच्या कानाशी कुजबुजल्यासारखी पोहोचू लागली. पुरुषाचा उसासा ऐकू येण्याजोगा झाला तो या यंत्रामुळे.

ही शक्यता ओळखली ती कोगा मासाओ (१९०४–७८) या संगीतकाराने. क्यूशू बेटावरील फुकुओका प्रांतात जन्मलेल्या कोगाचे वडील लवकर वारले आणि त्याच्या बालपणाचा व कुमारवयाचा मोठा काळ तेव्हा जपानच्या अंमलाखाली असलेल्या कोरियात गेला. टोकिओच्या मेइजी विद्यापीठात शिकत असताना तो मँडोलिन वादकांच्या मंडळात वावरला. विद्यार्थिदशेच्या अखेरीस नैराश्याने ग्रासलेला असता त्याने ‘कागे ओ शिताइते’ (छायेच्या ओढीने) हे गीत रचले. ते प्रथम सातो चियाको या गायिकेच्या आवाजात मुद्रित झाले. पण त्याला कीर्ती लाभली ती १९३२ मध्ये, फुजियामा इचिरो (१९११–९३) या पुरुष गायकाच्या आवाजात. त्याआधी १९३१ मध्ये याच दोघांच्या ‘साके वा नामिदा का तामेइकी का’ (मद्य हे अश्रू की उसासा) या गीताने लोकप्रियतेचे सर्व अंदाज मागे टाकले होते. ताकाहाशी किकुतारो याने लिहिलेले हे गीत अवघे काही ओळींचे आहे. गिटारची संथ साथ, दीर्घ विराम आणि शब्द जेमतेम ओठांबाहेर पडावा असा स्वरोच्चार, एवढ्याच सामग्रीवर ते उभे आहे.

फुजियामा हा टोकिओ संगीत विद्यालयात पाश्चात्त्य अभिजात गायन शिकत होता. घरचा व्यापार कर्जात बुडालेला असल्याने तो टोपणनावाने ध्वनिमुद्रिकांसाठी गाऊ लागला. विद्यालयाच्या नियमांना हे धरून नव्हते. गीत इतके गाजले की गुपित फुटले आणि त्याला काही काळ विद्यालयातून निलंबित करण्यात आले. १९३३ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. या प्रसंगात गमतीचा भाग असला, तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : जपानी पुरुषाचा जो उसासा पुढे अस्सल देशी मानला गेला, तो मुळात पाश्चात्त्य पद्धतीने कमावलेल्या गळ्यातून, अमेरिकन ‘क्रूनिंग’च्या धर्तीवर निघाला होता. त्यात आजच्या एन्कातील लोकगीताच्या वळणाची गिरकी जवळजवळ नाही.

१९३७ नंतर चीनमधील युद्ध पेटले आणि खिन्न प्रेमगीते राष्ट्राच्या मनोधैर्यास बाधक ठरविली गेली. गायकांना लष्करी गीते गावी लागली. फुजियामाही सैनिकांच्या मनोरंजनासाठी आग्नेय आशियात गेला, युद्धाच्या शेवटी इंडोनेशियात बंदी झाला आणि १९४६ मध्ये परतला. पराभवानंतर करुण गीतांना पुन्हा मोकळीक मिळाली. १९४८ चे ‘यु नो माची एलेजी’ (उष्ण झऱ्यांच्या गावाचे शोकगीत) हे त्यातील ठळक उदाहरण. संगीत कोगाचे आणि गायक ओमी तोशिरो (१९१८–९२). इझू भागातील झऱ्यांच्या गावी गिटार वाजवीत फिरणारा एक गायक आपल्या पहिल्या प्रेयसीच्या शोधात आहे आणि ती आता दुसऱ्याची पत्नी झालेली आहे. रात्रीच्या मद्यगृहांतून गिटार घेऊन फिरणारे ‘नागाशी’ गायक त्या काळी प्रत्यक्षातही होतेच. गीतातील नायक श्रोत्यांच्या ओळखीचा होता.

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून विरहाला भौगोलिक परिमाण लाभले. ईशान्येकडील ग्रामीण प्रांतांतून माध्यमिक शाळा संपवून बाहेर पडलेली मुले खास आगगाड्यांनी समूहाने शहरांतील कारखान्यांत व दुकानांत कामाला नेली जात. टोकिओचे उएनो स्थानक हे त्यांचे उतरण्याचे ठिकाण. या वर्गाची वेदना ज्यांनी गायिली त्यांत कासुगा हाचिरो (१९२४–९१) व मिहाशी मिचिया (१९३०–९६) हे अग्रगण्य होत. कासुगाचे ‘वाकारे नो इप्पोन्सुगी’ (निरोपाचा एकाकी सीडर, १९५५) हे गावच्या वेशीवरील झाडाखाली मागे राहिलेल्या मुलीची आठवण सांगते. ती अजून वाट पाहत असेल आणि आपण परत जात नाही, हे गाणाऱ्याचे शल्य आहे. गीतकार ताकानो किमिओ (१९३०–५६) व संगीतकार फुनामुरा तोरु (१९३२–२०१७) हे दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे आणि स्वतः उत्तर कांतोच्या ग्रामीण भागातून आलेले होते. ताकानो दुसऱ्याच वर्षी क्षयाने वारला. मिहाशीने १९५६ च्या ‘आइश्यू रेश्शा’ (विषादाची आगगाडी) या गीतात प्रेम असूनही निघून जाणाऱ्या पुरुषाचे चित्र रंगविले. तो मूळचा होक्काइदो बेटावरचा लोकगीतगायक. त्याच्या उंच, खुल्या आवाजामुळे स्वरावर घेतली जाणारी छोटी गिरकी, म्हणजे ‘कोबुशी’, शहरी गीतात रुळली. आपल्याकडील मुरकीशी तिची तुलना करता येईल. या गीतांतील पुरुष स्वतःच्याच आवाजात बोलतो हे विशेष; मात्र तो सोडलेला नसून सोडून आलेला आहे, आणि त्याच्या दुःखात अपराधाचा अंश आहे.

शहरी श्रोत्यांसाठी याच सुमारास दुसरी वाट निघाली. १९५९ मध्ये सुरू झालेल्या जपान रेकॉर्ड पुरस्काराचा पहिला मान मिझुहारा हिरोशीने (१९३५–७८) गायिलेल्या ‘कुरोइ हानाबिरा’ (काळी पाकळी) या प्रेमभंगाच्या गीताला मिळाला. गीतकार एइ रोकुसुके (१९३३–२०१६) आणि जाझ पियानोवादक नाकामुरा हाचिदाइ (१९३१–९२) या त्याच जोडीने १९६१ मध्ये साकामोतो क्यूसाठी (१९४१–८५) ‘उए ओ मुइते आरुको’ (वर पाहत चालू या) हे गीत रचले. अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून चालणाऱ्या माणसाचे हे गीत १९६३ मध्ये अमेरिकेत ‘सुकीयाकी’ या एका जपानी पदार्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि तेथील बिलबोर्ड सूचीत तीन आठवडे अग्रस्थानी राहिले. जगभर ते प्रेमभंगाचे गीत म्हणून ऐकले जाते. परंतु त्यात प्रेयसीचा उल्लेखच नाही. १९६० मध्ये अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरुद्धचे आंदोलन विफल झाल्याची एइ याची खिन्नता त्यामागे होती, असे सांगितले जाते.

१९६६ हे वर्ष या इतिहासात कलाटणीचे ठरले. त्या वर्षी मोरी शिनइची (जन्म १९४७) हा ‘ओन्ना नो तामेइकी’ (स्त्रीचा उसासा) हे गीत घेऊन पुढे आला. कागोशिमाहून शाळा संपताच ओसाकाला कामासाठी आलेल्या या तरुणाचा आवाज घोगरा, फाटका, श्वासाने भरलेला होता. रूढ अर्थाने तो सुरेल म्हणता येणार नाही. पण संगीतकार इनोमाता कोशो याने नेमके त्यालाच गुण ठरविले. आता पुरुष केवळ उसासा टाकीत नव्हता, तर स्त्री होऊन उसासा टाकीत होता. या प्रकारास ‘ओन्ना-उता’ म्हणजे स्त्रीगीत अशी संज्ञा आहे.

असे करणे जपानी भाषेला विशेष सोपे जाते. मराठीत ‘मी गेलो’ वा ‘मी गेले’ म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग कळते. जपानी क्रियापदास लिंग नाही. पुरुषी ‘ओरे’, तरुणाचा ‘बोकु’, स्त्रीचे ‘आताशी’ यांसारखी सर्वनामे आणि वाक्याच्या शेवटी येणारे लहानसे अव्यय यांवरूनच वक्ता ओळखावा लागतो. सर्वनाम गाळले, तर संपूर्ण कडवे संदिग्ध ठेवता येते. या प्रथेला जुनी पूर्वपीठिकाही आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या कोकिनश्यू या काव्यसंग्रहात पुरुष कवींनी प्रतीक्षा करणाऱ्या स्त्रीच्या भूमिकेतून रचलेल्या कविता आहेत. सोसेइ या भिक्षूची तशी एक रचना आजही शाळकरी मुलांना पाठ असते. काबुकीतील स्त्रीपार्टी नटांची परंपरा सर्वश्रुत आहे. तथापि या पूर्वपरंपरेवरून मोरीच्या गीताचा उगम थेट सिद्ध होत नाही. त्याचा जवळचा संबंध १९६० च्या दशकातील मद्यगृहांशी, तेथे काम करणाऱ्या स्त्रियांशी व कामावरून परतताना तेथे थांबणाऱ्या पुरुष गिऱ्हाइकांशी आहे.

१९६९ ते १९७४ हा स्त्रीगीतांचा बहराचा काळ. १९६९ मध्ये ‘नागासाकी वा क्यो मो आमे दात्ता’ (नागासाकीत आजही पाऊस होता) या गीताने उचियामादा हिरोशी आणि कूल फाइव्ह हा वाद्यवृंद देशभर पोहोचला. त्याचा मुख्य गायक माएकावा कियोशी (जन्म १९४८) ताठ उभा राहून, चेहऱ्यावरची रेषाही न हलविता, परित्यक्त स्त्रीचा आकांत गातो. शरीराने पुरुषी संयम पाळायचा आणि आवाजाने तो मोडायचा, हा विरोध त्याच्या परिणामाचे मर्म आहे. १९७१ मध्ये इत्सुकी हिरोशी (जन्म १९४८) याचे ‘योकोहामा तासोगारे’ (योकोहामाची सांज) आले. अनेक टोपणनावांनी अपयश पचविल्यावर दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून वर आलेला हा गायक. गीत लिहिले होते यामागुची योको (१९३७–२०१४) हिने. ती गिंझा भागात एक क्लब चालवीत असे. पुढे १९८५ मध्ये तिला कथालेखनाबद्दल नाओकी पारितोषिक मिळाले. सुट्या नामांची नुसती मांडणी करीत गेलेल्या या गीतात निघून गेलेल्या पुरुषाची बातमी शेवटी येते. स्त्रीने लिहावे, पुरुषाने ते स्त्री म्हणून गावे आणि ते ऐकून पुरुष श्रोत्यांनी व्याकूळ व्हावे, असा हा दुहेरी वळसा आहे.

यशाचा कळस मात्र एका विनोदी संगीत मंडळीने गाठला. ओसाकाच्या पिंकारा ट्रिओचे ‘ओन्ना नो मिची’ (स्त्रीची वाट, १९७२) या गीताच्या तीस लाखांहून अधिक मुद्रिका खपल्या. शब्द गायक मिया शिरो याचेच होते. पाठोपाठ तोनोसामा किंग्ज या मंडळीचे ‘नामिदा नो मिसाओ’ (अश्रूंची निष्ठा, १९७३) आले. दोन्हींतील स्त्री सर्वस्व देऊन फसलेली, तरी निष्ठा न सोडणारी आहे. ही प्रवृत्ती एन्कापुरती सीमित नव्हती. लोकगीतशैलीतील तरुण गायक मिनामी कोसेत्सु (जन्म १९४९) याचे ‘कांदागावा’ (कांदा नदी, १९७३) हेही भाड्याच्या लहानशा खोलीतील सहजीवन आठवणाऱ्या स्त्रीच्या तोंडचे आहे.

या गीतांविषयी मतभेद आहेत. स्त्रीवादी समीक्षेनुसार अशी सोशिक, मूक, वाट पाहणारी स्त्री ही पुरुषाची सोयीस्कर कल्पना होय. ती गाऊन तो आपल्या बेइमानीची क्षमा परस्पर मिळवितो. दुसऱ्या मतानुसार कंपनीच्या नोकरीत जखडलेल्या, वरिष्ठांपुढे नमणाऱ्या पुरुषाला आपली असहायता सांगण्यास स्त्रीचा मुखवटा उपयोगी पडला. पहिला आक्षेप गीतांच्या शब्दांना लागू पडतो, हे नाकारता येत नाही. दुसरे मत त्यांच्या श्रवणाचे अधिक चांगले स्पष्टीकरण देते. सत्तरीच्या दशकात ती गुणगुणणारे असंख्य पुरुष केवळ क्षमेसाठी गात होते, असे मानणे कठीण आहे.

याच सुमारास ‘एन्का’ हा जुना शब्द नव्या अर्थाने रूढ झाला. त्यापूर्वी ही सर्व गीते ‘र्‍यूकोका’ वा ‘कायोक्योकू’ या सर्वसमावेशक नावांनीच ओळखली जात. इत्सुकी हिरोयुकी (जन्म १९३२) या कादंबरीकाराच्या १९६६ मधील लेखनाने आणि १९६९–७० मध्ये फुजी केइको (१९५१–२०१३) या गायिकेच्या उदयाने समाजाच्या तळातील वेदनेचे गीत अशी एन्काची प्रतिमा निर्माण झाली. मग विद्युत्‌गिटार व रॉक यांच्या लाटेपुढे ते ‘जपानी हृदय’ ठरले. वाजिमा यूसुके या अभ्यासकाने २०१० मधील ग्रंथात ही प्रक्रिया सविस्तर उलगडली आहे. क्रिस्टीन यानो या मानवशास्त्रज्ञ विदुषीने २००२ मधील ग्रंथात एन्कातील अश्रू, आवाजाचा कंप व हातवारे हे ठरीव साच्यांतून, म्हणजे ‘काता’मधून, कसे घडविले जातात, हे दाखविले. दुःख शिकविलेले आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. अभिजात रंगभूमीतही हेच घडते.

‘जपानी हृदय’ या दाव्याला सर्वांत मोठी अडचण कोरियातून येते. वसाहतकाळात तेथे वाढलेल्या व पुढे ‘ट्रॉट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गीतांची स्वररचना, लय व विषय एन्काशी इतके जुळतात की उगम कोठला, यावर दोन्ही देशांत वाद झडले. कोगाच्या कोरियातील बालपणाचा दाखला त्यात हटकून दिला जातो. दक्षिण कोरियात १९६० च्या दशकात ली मी-जा या गायिकेच्या ‘दोंगबेक आगाश्शी’ या अत्यंत लोकप्रिय गीतावर जपानी छापाचे म्हणून बंदी आली. ती १९८७ पर्यंत टिकली. जे गीत एका देशात राष्ट्राचे हृदय, तसलेच दुसऱ्या देशात परकीय दूषण. चो योंग-पिल (जन्म १९५०) याच्या ‘बुसान बंदरास परत ये’ या गीताचा प्रवास तर बोलका आहे. कोरियन रूपात ती दूर गेलेल्या भावाला घातलेली साद होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये ते गाजले, तेव्हा जपानी शब्दांत भावाच्या जागी प्रिय व्यक्ती आली. सीमा ओलांडताना एका दुभंगलेल्या कुटुंबाचे दुःख प्रेमविरह झाले.

गीतकार आकू यू (१९३७–२००७) याने या साच्याला जाणीवपूर्वक छेद दिला. ‘माता आऊ हि मादे’ (पुन्हा भेटेपर्यंत, १९७१) हे त्सुत्सुमी क्योहेइने स्वरबद्ध केलेले व ओझाकी कियोहिकोने (१९४३–२०१२) खुल्या, दणदणीत आवाजात गायिलेले गीत. त्यात कोणी कोणाला टाकीत नाही. दोघे समान पातळीवर वेगळे होतात आणि दार मिळून बंद करतात. १९७७ मध्ये सावादा केंजीसाठी (जन्म १९४८) लिहिलेल्या ‘कात्ते नि शियागारे’ (कर तुला हवे ते) या गीतात सामान बांधून निघालेल्या स्त्रीकडे पाठ करून झोपेचे सोंग घेणारा पुरुष आहे. येथे सोडून जाते ती स्त्री, आणि फुशारकीच्या आड लपते ते पुरुषाचे रडू. दोन्ही गीतांना त्या त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार लाभला.

१९७१ मध्ये कोबे येथील इनोउए दाइसुके या वादकाने नाणे टाकून साथसंगत पुरविणारे यंत्र तयार केले. या ‘काराओके’मुळे विरहगीत ऐकण्यापेक्षा गाण्याची गोष्ट झाली. मर्यादित पल्ल्याची, संथ लयीची एन्का हौशी गळ्याला सोयीची होती. १९७८ मध्ये आत्सुमी जिरोचे ‘युमे ओइझाके’ किंवा १९८६ मध्ये योशी इकुझोचे ‘युकिगुनी’ ही स्त्रीगीते मुख्यतः पुरुषांनीच मद्यगृहांत गाऊन जिवंत ठेवली. १९९० च्या दशकात तरुण श्रोते अन्यत्र वळले. माकिहारा नोरियुकीचे (जन्म १९६९) ‘मो कोइ नान्ते शिनाइ’ (१९९२) किंवा यामाझाकी मासायोशीचे (जन्म १९७१) ‘वन मोअर टाइम, वन मोअर चान्स’ (१९९७) यांतील पुरुष ‘बोकु’ या सर्वनामाने, घरातील साध्या वस्तू व रस्त्यावरचे कोपरे मोजीत, स्वतःचीच वेदना बोलतो. त्याला मद्य लागत नाही, बंदर लागत नाही आणि मुखवटाही लागत नाही.

एन्काचा श्रोतृवर्ग वयाने वाढत गेला, तरी परंपरा खंडित झाली नाही. २००८ मध्ये पिट्सबर्ग येथे जन्मलेला आफ्रिकी-अमेरिकन गायक जेरो (जन्म १९८१) ‘उमियुकी’ (समुद्रावरचा बर्फ) हे गीत घेऊन जपानी रंगमंचावर आला. त्याची आजी जपानी होती आणि एन्का तो तिच्याकडून शिकला. टोपी व सैल कपडे अशा हिपहॉपच्या वेषात त्याने प्रियजनाच्या मागे थंड किनाऱ्यापर्यंत आलेल्या व्यक्तीचे दुःख, कोबुशीच्या प्रत्येक गिरकीसह, गायिले. त्या वर्षीच्या जपान रेकॉर्ड पुरस्कारांत त्याला नवोदितांमधील सर्वोच्च मान देण्यात आला.